शेवटचा मार आधी

हिच्या मामांइतका धक्का देणारा माणूस उभ्या बेंगळुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्याशी आमची सोयरीक नाही याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मामा येऊन गेले आणि माझा आ वासलेला राहिला नाही, असं एकदाही घडलेलं नाही. मी पुण्याचा. धातूंवर संशोधन करणाऱ्या इथल्या एका सरकारी संस्थेत नोकरीला, लोखंड किती ताणाला वाकतं यावर चारचौघांत तासभर बोलू शकणारा. मामा निपाणीचे, सातवी पास, आणि चाळीस वर्षं मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवणारे. कन्नडमध्ये विचार करतात, मराठीत भांडतात आणि हिंदीत गिऱ्हाइकांना दटावतात. लग्नाच्या मांडवात त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं, एक डोळा मिटून माझ्या दोन्ही खांद्यांची पातळी जोखली आणि हिला सगळ्यांदेखत म्हणाले, "डावा खांदा स्वल्प उतरलाय बघ, पण चासी सरळ हाय. घे." सगळा मांडव हसला. मला मात्र अजूनही त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

मामांचा जीव त्यांच्या पुलरमध्ये आहे. पुलर म्हणजे चाकांवर ढकलता येणारा एक लोखंडी दांडा, त्याला हातपंपावर चालणारा हायड्रॉलिक जॅक, दोन जाडजूड साखळ्या आणि पत्र्यात दात रोवून बसणारे चिमटे. ठोकरलेल्या गाडीला एका बाजूने चिमटा लावायचा, दुसरी बाजू कशाला तरी घट्ट बांधायची आणि पंप मारत मारत आत गेलेलं लोखंड इंचाइंचाने बाहेर ओढायचं. मोठ्या वर्कशॉपांत यासाठी जमिनीत पक्की बसवलेली यंत्रं असतात. मामांचा पुलर मात्र त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये, मामांबरोबर गावभर हिंडतो. पूर्वी डॉक्टर घरी येत होते तेव्हा लोक लवकर बरे होत होते, हे त्यामागचं त्यांचं शास्त्र. बारशाला आले तर पाळण्याशेजारी तेलकट साखळी ठेवतील. आमच्या घरी सहज चहाला आले आणि मी "या कपाटाचं दार जरा अडकतं," एवढंच म्हणालो, तर माझा कप संपायच्या आत कपाटाचं दार त्यांच्या हातात होतं. पुढे ते सरळ होऊन बसलं, पण तोवर आमच्या सगळ्या चादरी शेजाऱ्यांनी पाहिल्या.

एकदा सर्जापूर रोडवरच्या एका टोलेजंग सोसायटीत त्यांना बोलावणं आलं आणि माझी बुद्धी फिरली म्हणून मी बरोबर गेलो. गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये. मामांनी गाडीला चिमटा लावला आणि साखळीचं दुसरं टोक सरळ बिल्डिंगच्या खांबाला गुंडाळलं! वर एकवीस मजले! सोसायटीचे सेक्रेटरी ओरडतच धावत आले. मामा शांतपणे म्हणाले, "साब, बिल्डिंग नहीं खींच रहा, गाडी खींच रहा." शेवटी मीच हातापाया पडून ती साखळी खांबावरून काढायला लावली. मग मामांनी ती पार्किंगची जागा अडवायला जमिनीत रोवलेल्या लोखंडी कमानीला बांधली. दहा-बारा पंप मारले. गाडी जागची हलली नाही. कमान मात्र खालच्या सिमेंटच्या गोळ्यासकट, दाढ उपटावी तशी वर आली. मामांनी गोळा हातात घेऊन निरखला आणि सेक्रेटरींना विचारलं, "यह किसने लगाया? बहुत कच्चा काम है." तो माणूस "सॉरी" म्हणाला, आपल्याच सोसायटीत! मग मामांनी व्हॅन आणून तिला साखळी बांधली, गाडी सरळ केली आणि जाता जाता कमानही परत बसवून दिली.

पण या माणसाला बेफिकीर म्हणाल तर फसाल. ताणलेली साखळी तुटली तर माणूस जातो, म्हणून तिच्यावर ते जाड गोधडी टाकतात. तुटलेलं टोक मग उसळत नाही, तिथल्या तिथे पडतं. या गोधड्या मामींनी हाताने शिवलेल्या. निपाणीहून आलेल्या लुगड्यांच्या सुरेख गोधड्या, आणि एकेक करून सगळ्या गॅरेजात गेल्या. मामी आता कुठलीही गोधडी शिवताना आधीच कपाळाला हात लावतात. आणि साखळीच्या रेषेत कुणी उभं राहिलं तर मामांना खपत नाही. एका पोलीस निरीक्षकाला त्यांनी गणवेशात असताना बकोट धरून बाजूला केलं होतं. गणपतीच्या मांडवाची दोरी ताणत असले तरी हे धावत जाऊन लोकांना दूर हाकलतात.

सगळ्यांत भयंकर म्हणजे त्यांची चौकशी. गाडीला हात लावण्याआधी मामा मालकाला स्टुलावर बसवतात आणि म्हणतात, "सांगा, मार कसा बसला. आधीपासून सांगा." कारण मार ज्या वाटेनं आत गेला त्याच वाटेनं बाहेर काढायचा, आणि जो मार शेवटी बसला तो सगळ्यांत आधी काढायचा, हा त्यांचा कायदा. क्रम चुकला तर लोखंड भलतीकडेच वाकतं. हे अगदी खरं आहे, मी माझ्या संस्थेत आकडेमोड करून पाहिलंय. पण लोक अपघाताबद्दल खरं कुठे बोलतात? एका सॉफ्टवेअरवाल्या गृहस्थाने बायकोदेखत सांगितलं, गाडी उभी होती, कुणीतरी येऊन ठोकून गेलं. मामांनी चेपलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "उभ्या गाडीचा मार असा नसतो, साब. सरी, ठीक है, अब बोलो." पाच मिनिटांत कळलं की त्याने ती मागे घेताना स्वतःच्या सासऱ्याच्या फाटकावर घातली होती, आणि सासऱ्याला सांगितलं होतं की फाटक म्हशीने मोडलं. बायको रिक्षाने घरी गेली. मी त्या दिवशी पोट धरून हसलो होतो.

मग गेल्या वर्षी आमच्याच गाडीची पाळी आली. आमच्या लेकीला आनेकलजवळच्या एका कारखान्यात इंजिनीअरची नोकरी लागली. पाळ्या अशा की गाडी चालवल्याशिवाय जाणं-येणं अशक्य. लायसन्स नवं कोरं. हात बसावा म्हणून मी रोज तिच्या शेजारी बसून तिला फिरवत होतो, आणि कामाला हजर व्हायला दोन आठवडे उरले असताना आमच्याच गल्लीच्या तोंडाशी गाडी विजेच्या खांबावर गेली. कुणाला खरचटलंही नाही, पण पुढचा डावा कोपरा पार आत गेला. मी काय करावं? भेटेल त्याला सांगत सुटलो. शेजारी, दूधवाला, ऑफिस, पुण्याचे दोन्ही भाऊ. "अहो, पोरीने पहिल्याच महिन्यात खांब घेतला!" लोक हसायचे, मीही हसायचो. लेक मात्र गप्प झाली. लायसन्स कपाटात टाकलं, आणि आठवड्याभराने म्हणाली, "मी ती नोकरी नको म्हणून कळवते, आई. मला गाडी चालवणं जमायचं नाही." ज्या नोकरीसाठी पोरीने चार परीक्षा दिल्या, ती नोकरी! हिने रडून घर डोक्यावर घेतलं. पत्राचा मसुदाही तयार झाला, तो शनिवारी पाठवायचा होता. गुरुवारी मी गाडी ओढून मामांच्या गॅरेजात नेली आणि लेकीलाही नेलं, कारण चालवणाऱ्याशिवाय मामा गाडीला हात लावत नाहीत.

मामांनी तिला स्टुलावर बसवलं. "सांग बाळ. मार कसा बसला?"

"माझं चुकलं, मामाआजोबा."

"ते न्हाई विचारलं. आधीपासून सांग."

"उजवीकडे वळत होते. सिग्नल दिला होता. समोरून रिक्षा आली, मी ब्रेक दाबला... आणि मग खांब."

मामा बॅटरी घेऊन गाडीखाली गेले. बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आले, हातात खडू, पण ओढायच्या क्रमाचे आकडे गाडीवर लिहिनात. माझ्याकडे बघत राहिले. "जावईबापू, स्वल्प इकडं या."

चाकावरच्या पत्र्याच्या आत त्यांनी बॅटरी मारली. तिथे टायर घासल्याचा काळा पट्टा होता. हळू आवाजात म्हणाले, "मार बसला तवा चाक पूर्ण डावीकडं होतं. पोरगी चालली उजवीकडं. ब्रेक दाबलेलं माणूस एवढं उलटं कशाला वळवंल? डाव्या सीटवरनं कुणीतरी स्टिअरिंग आपल्याकडं ओढलंय."

मी विसरलो होतो असं नव्हे हो. रिक्षा दिसली, मी "अगं!" म्हणून ओरडलो आणि झडप घातली, हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. पण ते मी कुठेतरी खाली दाबून टाकलं आणि दुसरी गोष्ट इतक्यांदा सांगितली की माझीच मला ती खरी वाटायला लागली.

"मी कुणाला सांगणार न्हाई," मामा म्हणाले. "पण मला ओढायचा क्रम लागंना. चाक वळलेलं असताना मार बसला असंल तर चाकाकडनं ओढायचं, नसंल तर बंपराकडनं. तुम्ही सांगितल्याशिवाय मी पंप मारणार न्हाई. चुकलं तर गाडी कायमची एका अंगाला जाईल, आणि ती पोरगी चालवायची हाय."

लेक चार पावलांवर बसली होती. मी म्हणालो, "मी ओढलं. स्टिअरिंग मी ओढलं."

"तिनं ब्रेक आधी दाबलेला?"

"हो."

"न ओढता गाडी थांबली असती?"

लाज वाटली, फार लाज वाटली. "थांबली असती," मी म्हणालो.

मामांनी चाकाजवळ खडूने एकचा आकडा काढला. मी लेकीकडे वळलो. ती म्हणाली, "मला माहीत आहे, बाबा."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना सांगून टाकलं होतं."

त्या दिवशी पंप मी मारला. मामांनी मारायला लावला, वर ओरडलेही, "हळू! लोखंड हाय, उसाचा रस काढायचा न्हाई!" ते पत्र शनिवारी गेलं नाही. मी मात्र शेजारी, ऑफिस, पुण्याचे दोन्ही भाऊ, सगळ्यांना पुन्हा फोन केले. थोरला भाऊ अजून त्यावरून मला पिडतो. दूधवाल्याला सांगणं सगळ्यांत जड गेलं.

मामांना आता पंप मारताना धाप लागते. नव्या गाड्यांचा वाकलेला भाग ओढत बसायला कुणाला वेळ नाही, सरळ बदलतात. गॅरेजात बरेचदा नुसता पुलर पुसत बसलेले असतात. लेक रोज आनेकलला जाते-येते. कित्येक महिने तिने मला शेजारी बसवलं नाही, मीही विचारलं नाही. गेल्या रविवारी मामींना भेटायला निघाली तेव्हा दारातून म्हणाली, "येता का, बाबा?"

मी डावीकडे बसलो, पट्टा लावला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. तिने ते पाहिलं. आरसा नीट केला आणि गाडी रस्त्यावर काढली.