पडद्यावरचा म्हातारा

“मला घाबरवायला आता उशीर झालाय,” असं आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या आजी उठता-बसता म्हणायच्या. बर्फात बाहेर पडू नका म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर हसला असतात. चण चिमणीएवढी, कोट घोट्यापर्यंत, आणि आवाज पार लिफ्टपर्यंत पोचणारा.

त्या ज्यू होत्या. लहानपणी नाझींपासून लपून हॉलंडमधल्या एका शेतघरात वाचलेल्या. एवढंच मला माहीत होतं. माझ्या पुरणपोळीला मात्र त्या नावं ठेवत ठेवत दुसरी मागून घेत.

कॅनडातल्या किचनर शहरात आमच्या कॉन्डोच्या इमारतीत, सगळ्यांसाठी असलेल्या पार्टी रूममध्ये अधूनमधून सिनेमा दाखवतात. गेल्या हिवाळ्यात आजींनी एक जर्मन थरारपट सुचवला. वृद्धाश्रमातल्या एका नर्सला संशय येतो, की तिथला सगळ्यांचा लाडका म्हातारा नाव बदलून राहिलेला छळछावणीचा पहारेकरी आहे. इमारतीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाने नकार दिला. इथे जर्मन वंशाची बरीच कुटुंबं आहेत, उगाच मनं दुखावतील, असं त्यांचं म्हणणं.

आजींनी वाद घातला नाही. “रविवारी दुपारी सिनेमा माझ्या घरी,” अशी चिठ्ठी त्यांनी लिफ्टमध्ये लावली. कुणीतरी ती फाडली. त्यांनी दुसरी लावली, आणखी मोठ्या अक्षरात. मला प्रोजेक्टर आणायला सांगितला आणि भिंतीवर चादर ताणली.

आजींचं घर भरलं. तळमजल्यावरचे निवृत्त जर्मन शिक्षकही काठी टेकत आले.

सिनेमाच्या शेवटी कोर्ट म्हणतं, आरोपी फार थकलाय, खटला चालणार नाही. मग शिक्षक हळूच म्हणाले, “इतक्या वर्षांनी एका म्हाताऱ्याला छळून काय मिळतं?”

आजींनी कप खाली ठेवला. “माझी बहीण म्हातारी झालीच नाही. सात वर्षांची होती. तुम्हाला त्याच्या वयाची दया येते, मला तिच्या.”

लोक चुळबुळत उठले, निघून गेले. शिक्षक बसून राहिले. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, “नाव काय होतं तिचं?”

आजींनी सांगितलं. मग अंधारून येईपर्यंत त्या सांगतच राहिल्या.

या वसंतात आजी गेल्या. महिन्याभराने तोच सिनेमा पार्टी रूममध्ये लागला. बोर्डाशी भांडून शिक्षकांनीच तो लावायला लावला होता. दिवे मालवण्याआधी ते उभे राहिले, आणि मोठ्याने आधी आजींच्या बहिणीचं नाव घेतलं, मग आजींचं.