सुई सुटल्यावरची नरेशची वर्षं

माझे मिस्टर नशा करून गेले, असं वरठीत अजूनही काही जण बोलतात.

खोटं आहे ते.

आज नरेशना जाऊन वर्ष झालं. एकदा सगळं नीट लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नरेशचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेला पंप आणून द्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळून चालू करून देणार.

एकदा पंपाची लाइन जोडताना लाइटच्या खांबावरून पडले. कंबरेचं दुखणं थांबावं म्हणून सुई घेतली.

कंबर बरी झाली. सुई सुरूच राहिली.

पुढचं सगळं इथं लिहीत नाही. शेवटी मी पोरीला घेऊन माहेरी, अड्याळला निघून गेले. आणि माझे भासरे, म्हणजे नरेशचे मोठे भाऊ, नरेशना भंडाऱ्याला व्यसनमुक्ती सेंटरवर घेऊन गेले.

तिथं वंदना मॅडम भेटल्या. काउन्सेलर.

मला वाटलं होतं, लेक्चर देतील. बायकोपोरीची शपथ घ्यायला लावतील.

त्यांनी पहिल्या दिवशी नरेशना विचारलं, मोटर कुठं जळाली ते ओळखता कसं?

घरात कोणाशी धड न बोलणारा माणूस तिथं बोलत सुटला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, हात थरथरतात तेव्हा तार कशी गुंडाळता हो?

तेव्हा रडलो, असं नरेशनीच मला पुढं सांगितलं.

मग मॅडमनी मला बोलावलं. मी घरी असताना नरेशच्या बाह्या वर करून हात तपासायची, खिसे झाडायची. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पोलीस झाल्या तर त्यांना लपवावंच लागेल. आपणहून सांगतील ते ऐका. रागवू नका. एवढंच करून पाहा."

एवढंच म्हणे! करून पाहिलं तेव्हा कळलं किती अवघड आहे.

आम्ही दोघं घरी परत आल्यावर एकदा मी तांदूळ निवडत बसले होते. नरेश जवळ येऊन म्हणाले, "आज लय मन झालं होतं."

मी तांदूळ बाजूला सारले. विचारलं, मग?

"मग दुकान बंद करून फलाटावर जाऊन बसलो. गाड्या पाहिल्या. डोकं शांत झालं तसा वापस आलो."

मी रागावले नाही. ताट वाढलं.

मध्ये एकदा परत घेतली. सासरे गेले त्या दिवसांत. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मॅडमनी मात्र शांतपणे विचारलं, त्या दिवशी कोण भेटलं होतं, झोप झाली होती का, जेवले होते का. कुठून सुरू झालं ते दोघांनी मिळून शोधलं. त्या दिवशी भेटलेल्या जुन्या मित्राकडे जायचं नाही आणि दुःखात एकट्यानं राहायचं नाही, हे नरेशनी स्वतःच ठरवलं.

त्यानंतर सुई नाही. कधीच नाही.

मला त्या वर्षांची फार आठवण येते.

संध्याकाळी मागच्या पायरीवर बसायचो. पोरगी आत अभ्यास करायची. हे दिवसभराचं सांगायचे. कोणाचा राग आला, कशाची भीती वाटली. इतकं मोकळं बोलणारा नवरा मला लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा मिळाला नव्हता.

त्या पायरीवर मी आता बसत नाही.

मग पोटाचा कॅन्सर निघाला. उशीर झाला होता. दुखणं असं, की माणूस उशी दातात धरून पडून राहायचा.

नागपूरच्या डॉक्टरनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या, त्या सुईतल्या औषधाच्याच जातीच्या. नरेशनी हात जोडले. "मले ते नको. मी साफ राहूनच मरतो."

मी खूप समजावलं. भासऱ्यांनी समजावलं. ऐकेनात. शेवटी मॅडमना फोन केला. त्या घरी आल्या, पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या.

गोळी घ्या, असं त्या म्हणाल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, "नरेशभाऊ, भीती कायची वाटते?"

नरेश वर पंख्याकडे बघत म्हणाले,

"मले ते पुन्हा आवडलं तर?"

मी तोंड फिरवलं. मला बघवेना.

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तर तेही सुषमाले सांगा. तेव्हा लपून घेत होते. आता दुखते म्हणून घ्याल, सगळ्यांसमोर."

डॉक्टरना सगळं जुनं सांगितलं. गोळ्या माझ्याकडे ठेवायच्या, हे नरेशनीच ठरवलं.

पहिल्या गोळीनंतर झोप लागली त्यांना. सकाळी मला जवळ बसवलं. म्हणाले, "बरं वाटलं. अन् जुनी आठवण पण आली. लपवत नाही तुझ्यापासून."

मी फक्त हात धरून बसले.

त्या गोळ्यांमुळे आम्हाला शेवटचे चांगले दिवस मिळाले. उन्हात खाट टाकून पोरीला वाइंडिंगमधलं काय काय समजावून सांगायचे. भेटायला येणाऱ्याला विचारण्याआधीच सांगायचे, हे मॉर्फिन आहे, डॉक्टरनं दिलं आहे. लोकांनी त्यातलं अर्धंच ऐकलं.

गेले तेव्हा सकाळ होती. जवळ आम्ही सगळे होतो.

मागच्या रविवारी मी सेंटरवर गेले होते. घरच्यांची मीटिंग असते तिथं. शेजारी एक नवीन लग्न झालेली मुलगी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "खरंच सुटते का हो ताई?"

म्हटलं, माझ्या मिस्टरांचं सुटलं होतं.

"मग आता कसे आहेत भाऊ?"

वर्ष होत आलं त्यांना जाऊन, मी सांगितलं. ती म्हणाली, "तरी तुम्ही इथं येता?"

"हो. इथं त्यांच्याबद्दल बोलता येते."

तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाली, "सांगा ना."

नरेश, सांगता सांगता संध्याकाळ झाली. घरी यावंसंच वाटत नव्हतं.

तुम्हाला शेवटचा नमस्कार करायला अजून मन होत नाही. तरी करते.

तुमची सुषमा