खळगा पुढे की मागे

आमच्या मेडिकल कॉलेजात रक्ताच्या नात्यापेक्षा रोल नंबराचं नातं मोठं. तुमचा जो नंबर, तोच वरच्या वर्षात जिचा, ती तुमची ताई. पहिल्या आठवड्यात ती तुम्हाला कॅन्टीनमध्ये समोसा खाऊ घालते आणि आपली पहिल्या वर्षाची पुस्तकं तुमच्या हवाली करते. तिला ती तिच्या ताईकडून आलेली असतात, त्या ताईला आणखी कुठल्या दादाकडून. पुस्तकं विकायची नाहीत, खाली सरकवायची, एवढाच नियम.

मला अ‍ॅनाटॉमीचे जाडजूड खंड मिळाले. कोपरे झिजलेले, पाठीला चिकटपट्टी, आणि समासात जागोजागी पेन्सिलीनं लिहिलेलं मराठी. ते पाहून मला इतका आनंद झाला की मी ताईच्या पायाच पडले. मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या खेड्यातली. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेली, पुढची दोन वर्षं इंग्रजी औषधासारखं गिळलेली. पुस्तकातलं एकेक वाक्य चार ओळींचं असे. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. समासातली पेन्सिल मात्र थेट बोलायची. 'ही नस वरून जाते.' 'हे विचारतात.' 'हे सोड.' हळूहळू मी छापील मजकूर नुसता चाळायला लागले आणि पेन्सिल पाठ करायला लागले.

माझी रूममेट गोंदिया शहरातली, घरी दुकान, बोलणं सगळं हिंदीत. ती टॅबवर व्हिडिओ बघायची. "ये कबाड़ा छोड़ यार, मेरे साथ देख ले," म्हणायची. मला राग यायचा. कबाड म्हणे! त्या कबाडावर कितीजण डॉक्टर झाले होते.

सगळेच पहिल्या फटक्यात झाले नव्हते, हेही खरं. माझी ताई अ‍ॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलला थोडक्यासाठी नापास झाली होती. पुरवणी परीक्षा, म्हणजे 'सप्ली', देऊन सुटली, पण तेव्हापासून ती वर्गात मागं बसायची, कुणी काही विचारलं तर "मले नाही येत बाप्पा" म्हणून मोकळी व्हायची. हॉस्टेलात तिला 'सप्लीवाली' म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं! मी मात्र मनात पक्कं केलं होतं की हे नाव आपल्याला लागू द्यायचं नाही. पूर्वपरीक्षेत मी कशीबशी काठावर होते. सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर आली होती.

आणि प्रॅक्टिकलच्या तयारीत ते हाड आडवं आलं.

गुडघ्याखाली दोन हाडं असतात, एक जाड आणि एक काडीसारखं बारीक. बारीक हाड म्हणजे फिब्युला. तोंडी परीक्षेत हाड हातात देतात आणि पहिला प्रश्न एकच: उजवं की डावं? बाजू चुकली की पुढचं सगळं चुकलं. फिब्युलाच्या खालच्या टोकाला, आतल्या अंगाला, एक लहानसा खळगा असतो. तो पुढे धरला तर हाड एका पायाचं ठरतं, मागे धरला तर दुसऱ्या. माझ्या पुस्तकात पेन्सिलीनं ठळक लिहिलेलं होतं, 'खळगा पुढे.' खाली दोन रेघा मारलेल्या.

उजळणी करताना मी सहज छापील वाक्य वाचलं. ते म्हणत होतं, खळगा मागे. पुन्हा वाचलं. तरी मागेच. डिक्शनरी काढली. पेन्सिल चुकली असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटलं, माझंच इंग्रजी चुकतंय. रूममेटच्या टॅबवर बघितलं, तर व्हिडिओतले सर हाड कॅमेऱ्यासमोर धरून भराभर बोलत होते. त्यांचं डावं ते माझं उजवं, डोकं आणखी फिरलं. आमच्या अ‍ॅनाटॉमीच्या मॅडमना विचारायची सोय नव्हती. विचारायला गेलेल्याला त्या "पहले पढ़ के आओ" म्हणून दारातून परत पाठवत.

शेवटी ताईकडे गेले. ती कपडे वाळत घालत होती. "खळगा पुढेच," ती म्हणाली. "मले परीक्षेत हेच हाड आलं होतं. मी असंच सांगितलं."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. मान हलवली. चुकलं असतं तर बोलले नसते का?"

ते मला पटलं. माणूस चुकलं तर समोरचा सांगतो, असंच आम्ही गावात पाहिलेलं. आमच्याकडे धानाच्या रोवणीला एक रोप वाकडं लागलं तर बांधावरचा वाटसरूही ओरडून जातो.

परीक्षेच्या सकाळी आईचा फोन आला. "आवाज कायले असा येऊन राहिला? खाल्लंस का काही?" खाल्लं म्हणून सांगितलं. पोहे तसेच पडून होते.

हॉलच्या बाहेर आम्ही पांढऱ्या कोटात रांगेनं उभ्या. आतून एकेक नंबर पुकारत होते. माझा आला. टेबलापलीकडे बाहेरून आलेले परीक्षक आणि शेजारी आमच्या मॅडम. परीक्षकांनी ट्रेमधून हाड उचलून माझ्या हातात ठेवलं. बारीक, काडीसारखं. 

"कोणत्या बाजूचं?"

डोक्यात दोन्ही वाक्यं एकदम उभी राहिली, छापील आणि पेन्सिलीचं.  मग खळगा पुढे धरला आणि म्हणाले, "डावं, सर."

परीक्षकांनी मान हलवली. हुबेहूब ताईनं सांगितली तशी. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मॅडम हसल्या आणि त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "सर, हा रोल नंबर मला दरवर्षी हेच सांगतो. गेल्या वर्षीचीसुद्धा अशीच खळगा पुढे धरून उभी होती."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं की ताई इथंच चुकली होती, मॅडमना ते तेव्हापासून ठाऊक होतं, आणि भीती कुठल्या कुठे गेली. अंगाचा असा तिळपापड झाला की समोर कोण बसलंय याचं भान राहिलं नाही. तोंडातून गावचीच बोली बाहेर पडली.

"मॅडम, मग तिले सांगितलं काऊन नाही?"

मॅडमचं हसू थांबलं. "ही परीक्षा आहे, क्लास नाही."

"हो मॅडम. पण परीक्षेनंतरही नाही सांगितलं कोणी."

आपण नापास झालो, हे मला तिथंच स्वच्छ दिसलं. परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चिडलेले नव्हते, पण हसतही नव्हते. "पुस्तक काय सांगतं?" त्यांनी विचारलं.

"खळगा मागे."

"म्हणजे वाचलं होतंस. मग पुढे का धरलास?"

"मला वाटलं, माझं इंग्रजी चुकतंय."

 मॅडम समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या. परीक्षकांनी ते हाड माझ्या हातातून घेतलं आणि दंडाचं हाड दिलं. ते मला येत होतं. त्यानंतरचं जे जे विचारलं ते मी दात आवळून सांगत गेले. पुढे निकाल लागला तेव्हा मी पास होते, फार वर नाही, पण होते. फिब्युलाला शून्य असणार, त्यात शंका नाही.

पण त्या दुपारी हे काहीच माहीत नव्हतं. आमच्यात ज्याची परीक्षा, त्याची ताई बाहेर लिंबूपाणी घेऊन उभी राहते. माझीही उभी होती, स्टीलचा ग्लास ओढणीनं झाकून.

"कोणतं हाड आलं?"

"फिब्युला."

"मग? सांगितलंस ना बरोबर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "ताई," मी म्हटलं, "खळगा मागे असते. आपलं लिहिलेलंच चुकीचं होतं. मॅडमले माहीत होतं."

 ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. ग्लास माझ्यासाठी आणलाय हे विसरून तिनं तो स्वतःच पिऊन टाकला.

"म्हणजे एक हाडच चुकलं होतं," ती म्हणाली. "अन् मी वर्षभर समजून राहिली, का आपल्याले डॉक्टर व्हायचं डोकंच नाही."