चिंचेवरून पडणारे मासे

माझ्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि आमच्या अंगणात वरून मासे पडतात. या दोन गोष्टींचा मेळ घालण्यात आमचा पावसाळा जातो.

लग्न होऊन मी नाशिकहून या गावात आले तेव्हा मासे पडत नव्हते. गाव निफाडच्या बाजूचं, धरणाच्या फुगवट्याला लागून. पाण्याकडचा भाग पक्ष्यांसाठी राखीव, रस्त्याकडचा द्राक्षांसाठी, आणि मधे जी काही जागा उरली तिच्यात आम्ही माणसं. पक्षी पाण्यावर आणि आम्ही घरात, असं बरं चाललं होतं. मग एका वर्षी काठावरच्या जुन्या बाभळी पुरात गेल्या आणि त्यांच्यावर घरटी करणाऱ्या बगळ्यांनी दुसरी जागा बघितली. ती जागा म्हणजे आमच्या अंगणातली चिंच.

पहिले बगळे उतरले त्या सकाळी सासूबाई हरखून गेल्या. त्यांनी चिंचेच्या बुंध्याला हळदकुंकू वाहिलं आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या जावेला मुद्दाम बोलावून आणलं. "असं पांढरंशुभ्र पाखरू कुनाच्याबी दारात उतरत नाय," त्या म्हणाल्या. धाकट्या सासूबाईंनी मान वर करून बघितलं, "लय भारी, अक्का," म्हणाल्या आणि तोंड कडू करून घरी गेल्या. सासूबाईंचा तो आनंद अंडी फुटेपर्यंत टिकला.

बगळ्याचं पिल्लू लांबून गोड वाटतं. जवळून ते एखाद्या चिडक्या म्हाताऱ्यासारखं दिसतं आणि घाबरलं की पोटातलं सगळं खाली टाकतं. आणि ते कशालाही घाबरतं. दाराची कडी वाजली, कुकरची शिट्टी झाली, माझ्या नवऱ्याला शिंक आली, की वरून मासा. तुळशीवृंदावनावर मासा, वाळत घातलेल्या नऊवारीवर मासा, एकदा तर नवऱ्याच्या उलट्या ठेवलेल्या हेल्मेटमध्ये. त्याने ते तसंच डोक्यात घातलं, यात पक्ष्यांचा दोष नाही असं मला आजही वाटतं.

आमच्या घरात अंड्याचं कवचसुद्धा चालत नाही, हे इथं सांगायला हवं. नवऱ्याला आम्लेट खायचं असलं की गाडीची सर्व्हिसिंग निघते. आमच्या गाडीइतकी सर्व्हिसिंग तालुक्यात दुसऱ्या कुठल्या गाडीची होत नसेल. मी माहेरी गेले की मासे खाते, आणि परतीच्या एसटीत बडीशेप चघळत येते. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही अशी आम्हा दोघांची पक्की समजूत होती.

तर सासूबाईंनी युद्ध पुकारलं. आधी तेलाचा रिकामा डबा बडवून झाला. त्याने पिल्लं घाबरली आणि दुप्पट मासे पडले. मग दिवाळीचे उरलेले फटाके निघाले. ते पेटवायच्या आत वनखात्याचा माणूस दारात उभा. त्याला कुणी कळवलं हे कुणी विचारलं नाही, कारण धाकट्या सासूबाई त्याच वेळी भिंतीपलीकडे फार मन लावून भांडी घासत होत्या.

माणूस सभ्य होता. छत्री उघडी ठेवूनच चहा प्यायला. "काकू, घरट्यात पिल्लं आहेत तोवर झाडाला हात लावता येणार नाही. कायदा आहे. पिल्लं उडाली की आपोआप रिकामं होईल."

"कधी उडत्याल?"

"पावसाळा सरता सरता."

"आन् माझं पारायण?"

खरी अडचण ही होती. श्रावणातलं पारायण सासूबाई या घरात आल्यापासून आमच्याच अंगणात होत आलंय. आळीतल्या सगळ्या बायका येतात, पोथी वाचतात, माईकवर भजनं होतात, आणि तेवढे दिवस सासूबाईंचा शब्द गावात शेवटचा असतो. एरवी त्यांना कोण विचारतं? सासरे शेतावर, मुलगा मोबाईलमध्ये, सून शाळेत शिकवायला. पारायण हे त्यांचं स्वतःचं होतं. आणि धाकट्या जावेने त्याच वर्षी द्राक्षांच्या पॅकिंगसाठी मोठी पत्र्याची शेड बांधलेली. "अक्का, यंदा आमच्याकडं घ्या की," असं ती रोज इतक्या प्रेमाने म्हणायची की सासूबाईंना रात्री झोप यायची नाही.

वनखात्याच्या माणसाने चहाचा कप खाली ठेवला, तेवढ्यात सासूबाईंना युक्ती सुचली. पाखरांनी मणी खाऊ नयेत म्हणून आमच्याकडे द्राक्षबागेवर नायलॉनची जाळी टाकतात. "झाडाला हात नाय लावायचा ना? मग झाडाच्या खाली लावू." जुनी जाळी खोलीतून निघाली आणि चिंचेखाली, अंगणावर, मांडवासारखी ताणून बांधली. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून वर बघितलं. इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आधी मासा जमिनीवर पडायचा आणि झाडून टाकता यायचा. आता तो आमच्या डोक्यावर, हात पोचणार नाही अशा उंचीवर अडकून राहू लागला. दोन उन्हं पडताच असा वास सुटला की पोस्टमन पत्रं भिंतीवरून टाकून जाऊ लागला. मग आळीतल्या मांजरांना शोध लागला. ती कुंपणावरून जाळीत उतरायची, पोटभर खायची आणि तिथंच झोक्यात पडल्यासारखी झोपायची. खाली चहा पिताना वर बघितलं की चारी बाजूंनी मांजरांची पोटं दिसायची. जाळी खाली उतरवायला नवऱ्याने सुट्टी काढली.

आणि जाळी सोडताना तिच्या कोपऱ्यात पिल्लू सापडलं. जिवंत. बहुधा आदल्या रात्रीच्या वाऱ्यात पडलं असावं. नवऱ्याने ते टॉवेलमध्ये उचललं तर त्याने त्याच्या अंगठ्याला चोच मारली. मी वनखात्याच्या माणसाला फोन लावला. तो बिबट्याच्या मागे कुठल्याशा उसात होता. उद्या येतो, तोवर पिल्लाला खायला घाला, म्हणाला.

सासूबाईंनी त्याला दूधभात कालवला. पिल्लाने भाताकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्यांनी भिजवलेली मुगाची डाळ आणली. मग केळ. दुसऱ्या दिवशी एकादशी म्हणून वरीचा भात. "उपासाचं चालंल त्याला," त्या म्हणाल्या. पिल्लू चोच मिटून बसलं, आणि दुपारपर्यंत त्याची मान कलायला लागली. वनखात्याच्या माणसाचा फोन आला: उसातून अजून सुटका नाही, संध्याकाळी येतो. सासूबाई पिल्लासमोर पाटावर बसून होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मासा भरव त्याला."

"मी?"

"तुला येतंय की. माहेरी खातीस ना. बडीशेप खाऊन कोन येतं एवढी?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. नवरा हळूच उठून बाहेर निघाला. "आन् तू बस खाली," त्या त्याला म्हणाल्या, "गाडीची सर्व्हिसिंग उद्या कर." इतकी वर्षं त्यांना सगळं माहीत होतं आणि त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मला एकदम त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि थोडी भीतीही.

मी अंगणातला ताजा पडलेला मासा उचलून पिल्लासमोर धरला, पण त्याची चोच तलवारीसारखी चालत होती. दोनदा मासा खाली पडला. "सरक," सासूबाई म्हणाल्या. माळ त्यांनी पाठीवर टाकली, पदर तोंडाला बांधला, स्वयंपाकघरातली सांडशी आणली, डोळे गच्च मिटले आणि एकादशीच्या दिवशी मासा उचलून पिल्लाच्या घशात घातला. पिल्लाने तो गिळला. सासूबाईंनी एक डोळा उघडला. "अजून हाय का?"

संध्याकाळी वनखात्याचा माणूस आला. त्याने टोपलीत काटक्या घालून ती चिंचेच्या खालच्या फांदीला बांधली आणि पिल्लू आत ठेवलं. "खाली शांतता असेल तर आईबाप येतील बहुतेक भरवायला. गोंगाट झाला तर खाली उतरणार नाहीत."

पारायण परवावर आलं होतं. माईकवाला ठरला होता. नवरा म्हणाला, यंदा माईक नको, हळू आवाजात वाचा. सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. साठ बायका हळू आवाजात बोलताना त्यानेही कधी पाहिल्या नव्हत्या.

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. एकादशीच होती म्हणा, पण फराळालाही शिवल्या नाहीत. सकाळी उठून त्या चांगलं लुगडं नेसल्या आणि भिंतीला वळसा घालून स्वतःच्या पायांनी जावेच्या दारात गेल्या. मी मागे होते. "तुझ्या शेडमधी घेऊ या," एवढंच म्हणाल्या. धाकट्या सासूबाईंना इतका आनंद झाला की हातातलं काम तसंच टाकून त्या शेड झाडायला धावल्या.

पारायण थाटात झालं. पत्र्याखाली पंखे, सतरंज्या, सगळ्यांना मसाला दूध. सासूबाई पुढे न बसता दाराशी बसल्या, जिथून आमची चिंच दिसते. पोथी चालू असताना मधेच त्यांनी मला कोपराने ढोसलं. टोपलीच्या काठावर एक मोठा बगळा उतरला होता आणि पिल्लू त्याच्या चोचीला लटकलं होतं.

शेवटच्या दिवशी आरती झाल्यावर धाकट्या सासूबाई जवळ आल्या. त्यांचाही स्वर मऊ झाला होता. "अक्का, पुढच्या साली तुमच्याच अंगणात घेऊ. मान तुमचाच हाय."

"नको," सासूबाई प्रसादाची वाटी हातात घेत म्हणाल्या. "आता तिथं दरसाल बाळंतपणं हायत. बाळंतिणीच्या उशाशी माईक लावत्यात व्हय कुनी?"