नाताळच्या टोपल्या आणि काचेचा तुकडा

सासरच्या गोतावळ्यात तिला सगळे 'काटकसर' म्हणायचे. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे तर तीच फोन उचलून सांगायची, "हां, काटकसर बोलतेय." नोकरी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलावर. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ सरळ करायचे. विरलेल्या चादरी हॉटेल टाकून द्यायचं. मुकादमबाईंना विचारून त्या ती घरी न्यायची आणि त्यांतून काय काय निघायचं, ते बघून शेजारपाजार तोंडात बोट घालायचा.

त्या वर्षी नवरा कारखान्यात शिडीवरून पडला. पाय मोडला, प्लास्टर चढलं आणि घरात एकटीचा पगार उरला. नाताळ जवळ आला तसा तो पलंगावरून म्हणाला, "यंदा भेटी राहू देत गं. लोक समजून घेतील."

"समजून घेतात म्हणजे काय घेतात, ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

आणि तिनं पदर खोचला. फळबाजारात रिकाम्या पडलेल्या वेताच्या टोपल्या मागून आणल्या, धुतल्या, पांढऱ्या रंगवल्या. आत चादरीचं अस्तर घातलं, काठाला लाल दोऱ्याचा टाका. हॉटेलच्या जेवणघरात उरलेली मेणबत्त्यांची थोटकं वितळवून छोट्या डब्यांत ओतली. बिस्किटं घरी भाजली. बाजार उठताना डागाळलेली संत्री स्वस्तात मिळाली, त्यांचा साल घातलेला मुरंबा केला आणि हॉटेलातून आणलेल्या जॅमच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये भरला. चार टोपल्या झाल्या. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई, वरच्या घरमालकीणबाई, मुकादमबाई आणि थोरली जाऊ. घरासाठी चमचाभर मुरंबासुद्धा तिनं ठेवला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच तीन टोपल्या ती स्वतः देऊन आली. चौथी थोरले दीर घेऊन गेले. भावाची विचारपूस करायला आले होते, त्यांच्याच हाती दिली. दुपारी जेवणं झाल्यावर ती आदल्या रात्रीची मुरंब्याची भांडी घासायला बसली. पातेलं झालं, झारा झाला, मग ज्यानं मुरंबा ओतला होता तो काचेचा जग हातात घेतला. चोचीवरून बोट फिरवलं आणि बोट अडलं.

तिनं जग खिडकीपाशी धरला. चोचीच्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब होता.

"अहो," ती आतून म्हणाली. आवाज असा आला की नवरा कुबड्या शोधायला लागला.

"जुनाच असेल तुटलेला," त्यानं जग फिरवून फिरवून बघितला.

"जुना नाही. काल ओतताना धार सरळ पडत होती. शेवटी शेवटी कडेनं ओघळायला लागली. मी म्हटलं, मुरंबा घट्ट झालाय."

तिनं मोरीची जाळी उचकटली. बॅटरी घेऊन ओट्याखाली पालथी पडली. कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि संत्र्याची सालं एकेक करून बाजूला काढली. तुकडा कुठंच नव्हता. तुकडा घरात नाही म्हणजे तो दिलेल्या बाटल्यांपैकी एकीत आहे. नारिंगी, दाट, सालींनी भरलेल्या मुरंब्यात काच कुणाला दिसणार?

तिनं फोन घेतला. नर्सबाई म्हणाल्या, "झाकण फिरवलंसुद्धा नाही अजून, ये घेऊन जा." मागोमाग त्यांनी हेही सांगितलं, की कुणाच्या पोटात काच गेलीच असेल तर उलटी करायला लावायचं नाही. पोटात दुखलं किंवा रक्त दिसलं, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. घरमालकीणबाईंची बाटली कपाटात होती. मुकादमबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जावेकडं कुठल्या बसनं जाणार? मी आमच्या स्टॉपवर बाटली घेऊन उभी राहते."

जावेचा फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. दिरांचाही तसाच.

आता तिचं पाऊल अडखळलं. थोरल्या जावेचं घर मोठं, राहणी मोठी आणि जीभ त्याहून मोठी. मागच्या वर्षी हिनं हातानं शिवून दिलेली पिशवी तिच्या दारात बूट पुसायला पडलेली हिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. घरी येऊन ती नवऱ्याला काही बोलली नव्हती, पण ते मनातून गेलं नव्हतं. आज तिथं पाहुणे असणार. भर पाहुण्यांत जाऊन म्हणायचं, की माझी भेट परत द्या, त्यात काच असेल.

"ती उघडणारच नाही," नवरा म्हणाला. "तुझं काही तिच्या घशाखाली उतरतं का कधी? कशाला हसं करून घेतेस?"

ती दाराशी चपला घालत होती. थांबली. खरंच, उघडणार नाही. एखाद्या मोलकरणीला देऊन टाकेल. मग ती मोलकरीण घरी नेऊन उघडेल. आणि तेवढ्यात तिच्या मनात दुसरंच आलं, आणि तेच त्याच्याही आलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

"आई आहेत तिथं," ती म्हणाली.

सासूबाई थोरलीकडं राहायच्या. डोळ्यांना धूसर दिसायचं, दात सगळे गेलेले. घास जिभेवर घोळवून तसाच गिळायच्या. आणि संत्र्याचा मुरंबा म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

खालची आणि वरची बाटली पिशवीत टाकून, जग टॉवेलात गुंडाळून ती धावतच निघाली. बस खच्चून भरलेली. सणाच्या खरेदीची पुडकी सगळ्यांच्या हातात. ती दांडा धरून उभी राहिली आणि दुसऱ्या हातानं पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. उचललाच नाही कुणी. मुकादमबाईंच्या स्टॉपवर बस थांबली तेव्हा त्या घरातल्याच कपड्यांवर, स्वेटर उलटा घालून, रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांनी दारातून बाटली तिच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "घाबरू नकोस." त्या शब्दानं ती जास्तच घाबरली.

जावेच्या दारात बुटांची ही रांग लागली होती. आतून हसण्याखिदळण्याचा आवाज. तिनं बेल दाबली ती बोट काढलंच नाही. दार जावेनं उघडलं. नवी साडी, कपाळाला आठ्या.

"अगं, असं काय? आणि आज तू इकडं कशी?"

"ताई, मुरंब्याची बाटली कुठाय?"

"काय?"

"मी सकाळी पाठवली ती. कुठाय?"

"आईंच्या खोलीत. आल्या आल्या मागून घेतली त्यांनी. का गं?"

ती पाहुण्यांमधून वाट काढत आत घुसली. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर ताटली, हातात पावाचा तुकडा, ओठांच्या कोपऱ्यात मुरंबा. उशाशी बाटली, अर्धी रिकामी.

"कोण, धाकटी का? गोड जरा जास्त झालाय हं यंदा."

"आई, गिळू नका. तोंडात आहे ते इथं टाका." तिनं त्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

म्हातारी गोंधळली, पण सुनेचा आवाज ओळखून निमूटपणे तिनं घास ओंजळीत टाकला. हिनं बोटांनी तो चिवडला. साल, पाव, साल. बाकी काही नाही. दारात पाहुणे जमले होते.

"हा काय प्रकार आहे?" जाऊ म्हणाली. "सणाच्या दिवशी माझ्या घरात?"

तिनं टॉवेल सोडून जग दाखवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. जाऊ जगाच्या चोचीकडं बघत राहिली, मग सासूबाईंकडं, मग त्या अर्ध्या बाटलीकडं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, कुठं टोचलं का? घशात, पोटात?"

"मला काही होत नाहीये," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच दोघी आजारी दिसताय."

जावेनं बाटली उचलली. "चल आत."

स्वयंपाकघरात तिनं पाणी तापत ठेवलं, बारीक जाळीची स्टीलची गाळणी काढली आणि पाहुण्यांच्या तोंडावर दार लोटून घेतलं. दोघी ओट्याशी उभ्या राहिल्या. आधी सासूबाईंची बाटली. मुरंब्यात गरम पाणी घालून तो पातळ केला, चमच्यानं ढवळत थोडा थोडा गाळला, सालीचा एकेक तुकडा दाबून पाहिला. काही नाही. म्हणजे एक तर तुकडा उरलेल्या तीन बाटल्यांमध्ये होता, नाही तर आईंच्या पोटात. दोघींनाही ते कळलं.

नर्सबाईंची बाटली गाळली. काही नाही. घरमालकीणबाईंची गाळताना जावेच्या हातातला चमचा गाळणीवर आपटला आणि दोघी दचकल्या. चमचाच होता. पुन्हा काही नाही.

"गाडी काढायला सांगू का यांना?" जावेनं हळूच विचारलं.

"ही एवढी बघू."

मुकादमबाईंची बाटली तिनं स्वतः उपडी केली. जाऊ वरून पाण्याची धार सोडत होती. अर्धी गेली, पाऊण गेली. तळाचा गोळा सुटून गाळणीत पडला, आणि टिक असा बारीक आवाज आला.

तिनं दोन बोटांनी तो उचलला, पाण्याखाली धरला, जगाच्या चोचीला लावला. कडेला कड बसली. जावेनं चष्मा लावून फट राहिली का ते पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग स्टूल ओढून मटकन खाली बसली.

"सगळा आहे," ती म्हणाली. "कुठं काही कमी नाही."

धाकटीला तेव्हा कुठं रडू आलं. जावेनं तिला पाणी दिलं. डोळे पुसायला ओट्यावरचं फडकं दिलं. ते फडकं मागच्याच्या मागच्या वर्षीच्या टोपलीतलं अस्तर होतं, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं. जाऊ ओशाळली. म्हणाली, "चांगलं टिकतं गं हे. धुऊन धुऊन मऊ झालंय." ही गाळणी घासायला लागली.

चारही बाटल्यांचा मुरंबा मोरीत गेला. सासूबाई खोलीतून विचारत होत्या, उरलेला पाव कुणी नेला म्हणून. त्या रुसल्या त्या दुसऱ्या दिवशीच्या जेवणापर्यंत. त्या जेवणाला थोरले दीर गाडी घेऊन आले आणि प्लास्टरचा पाय मागच्या सीटवर आडवा टाकून धाकट्या भावाला आणि तिलाही घेऊन गेले.

टेबलावर जावेनं सगळा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. तिच्या सांगण्यात काटकसर घरात शिरली ती पाहुण्यांना ढकलत, म्हातारीच्या तोंडात हात घालून, आणि जावेनंच काच शोधून काढली ती पहिल्या फटक्यात. सगळे पोट धरून हसले. नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं, की ही आता काही बोलेल. ती सासूबाईंना पाव कुस्करून देत होती. हसत होती.

"आणि गोड जास्तच झाला होता," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई," ती म्हणाली. "झाला होता."