अहवालातून गाळलेली माणसं

दादा फौजेत गाडी चालवायचा. निवृत्त होऊन गावी आला, साखर कारखान्यावर ट्रक धरला आणि वर्षभरात त्याला क्षयानं धरलं. एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी वाईला प्राथमिक शाळेत शिकवत होते. साताऱ्यातल्या एका नामांकित डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन जायची.

डॉक्टरांनी एका कंपनीचं नवं इंजेक्शन सुरू केलं. फुकट होतं, म्हणून आम्ही त्यांचे उपकार मानले. औषध अजून तपासलं जातंय, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी दादा त्यांना म्हणाला, "साहेब, कानात रातकिडं वरडत्यात."

"तोफखान्यात होता ना? तोफांचा परिणाम."

"आवं, म्या तोफखान्यात कवा हुतो? म्या गाडी चालवायचो."

डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. इंजेक्शन चालूच राहिलं.

खोकला गेला, पण कानही गेले. कारखान्यानं ट्रक काढून घेतला. दादा घरात ओरडून बोलायला लागला आणि त्याची धाकटी लेक त्याला घाबरून माझ्या पदराआड लपायला लागली.

अशातच पेपरात बातमी आली. त्याच डॉक्टरांनी सांगलीत डॉक्टरांच्या संमेलनात या इंजेक्शनवर निबंध वाचला होता. सगळे रुग्ण बरे, कुणालाही अपाय नाही. वर शाल आणि श्रीफळ. मी बातमी पुन्हा वाचली आणि ठरवलं, या माणसाला चारचौघांत उघडा पाडायचाच.

दवाखान्याच्या बाकावर तेच इंजेक्शन घेणारी बरीच माणसं ओळखीची झाली होती. सुट्टीच्या दिवशी एसटीनं मी एकेकाच्या घरी जाऊन हकिकत लिहून घेऊ लागले. जतकडच्या एका धनगर बाईला फक्त कानडी यायची. तिच्या मुलानं तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, "कुत्रं भुंकल्यालं हिला ऐकू येईना. लांडग्यानं मेंढरं नेली." दुसरे एक म्हातारबाबा भिंतीला धरल्याशिवाय चालू शकत नव्हते. प्रत्येक घरातून निघताना माझा राग वाढत होता, आणि तो मला हवाहवासा वाटत होता.

मग वाईचाच एक दुकानदार भेटला. तो ठणठणीत होता. "बाई, डॉक्टर देवमाणूस आहेत," तो परत परत सांगत राहिला. त्याची हकिकत सोडून द्यावी असं मला फार वाटलं. पण त्याला गाळलं असतं, तर डॉक्टरांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता? मला सूड हवा होता, पण खोटा नको होता. दुकानदाराचंही लिहिलं.

साताऱ्यातल्या संपादकांनी हात झटकले. सांगलीच्या एका साप्ताहिकानं मात्र रुग्णांची नावं तेवढी वगळून सगळं छापलं. कोण बरं झालं, कुणाचे कान गेले, कुणाचा तोल गेला, सगळं. अंक घेऊन मी सांगलीत भर उन्हात दवाखान्यामागून दवाखाने फिरले आणि डॉक्टर मंडळींच्या टेबलावर तो स्वतः ठेवला. काहींनी तोंड फिरवलं. एकजण हळूच म्हणाला, "माझ्याही दोन पेशंटचं असंच झालं. मी बोललो नाही."

महिन्याभरात ते इंजेक्शन आमच्या भागातून गायब झालं. एके दिवशी मधल्या सुट्टीत डॉक्टर शाळेच्या फाटकाशी आले.

"बाई, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं. मी पाहिलं असतं."

"दादानं सांगितलं होतं. तुमच्यासमोर बसून."

ते फाटकावरूनच परत फिरले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढं दवाखाना बंद करून ते पुण्याला गेले म्हणे. दादाचे कान परत आले नाहीत. कारखान्यावर वजनकाट्याशी बसायचं काम तेवढं मिळालं. साताऱ्याला गेले की मी स्टँडवरून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायची. त्यांच्या दवाखान्याच्या दाराला लागलेलं कुलूप बघायची. बरं वाटायचं.