छत्री धरणारी बाई

रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक जुना, गाजलेला प्रेमपट दाखवला. इंग्रजांच्या काळातला चहाचा मळा, गोरा मालक आणि विलायतेहून आलेली त्याची प्रेयसी. एका प्रसंगात दोघं भर पावसात मिठीत उभी असतात. मळ्यातली एक मजूर बाई त्यांच्यावर छत्री धरते आणि स्वतः चिंब भिजते. त्यांची मिठी काही सुटत नाही आणि तिचा हात थरथरू लागतो.

दिवे लागले, तसे सगळे त्या पावसाबद्दलच बोलू लागले. "असं प्रेम आता राहिलं नाही," कुणीतरी म्हणालं. माझं डोकंच फिरलं.

"आणि ती छत्रीवाली?" मी मोठ्यानेच विचारलं.

"अहो, प्रेमकथेत मजूर कसले शोधता?" शेजारचे जोशी हसले.

"शोधावी नाही लागली. पडद्याच्या मधोमध उभी होती."

पुढच्या खुर्चीवरच्या कुलकर्णीकाकू मागे वळल्या. फार मायाळू बाई. कुणाकडे आजारपण आलं की पहिला डबा त्यांचाच येतो. "खरंच कुणी होतं का गं तिथे?" त्यांनी विचारलं. "मला दिसलीच नाही."

त्या खोटं बोलत नव्हत्या. जोशींवरचा राग घरी येईपर्यंत निवळला. काकूंवरचा मात्र अजून गेलेला नाही.